काय जागा घेतली, पण कुठे? ख्यालाचं ध्वनिमुद्रण ऐकून टिपण कसं लिहावं

कुणी चाळीस मिनिटांचा भूप रागातला ख्याल पाठवला की पाचव्या मिनिटाला उत्तरं यायला लागतात: ‘अप्रतिम’, ‘निःशब्द’, ‘अंगावर काटा आला’. दाद म्हणून ठीक आहे. मैफलीत ‘क्या बात है’ म्हणताना कुणी कारण देत बसत नाही, कारण ती जागा (गाण्यातला तो खास क्षण) सगळ्यांनी त्याच क्षणी ऐकलेली असते. ध्वनिमुद्रणाचं तसं नाही. तुम्ही पुण्यात रात्री ऐकता, वाचणारा न्यू जर्सीत दुसऱ्या दिवशी गाडी चालवताना ऐकतो. त्याला तुमची जागा सापडायची तर ती कुठे आहे आणि तिथे काय घडलं, हे लिहावं लागतं. म्हणजे तो तेच ध्वनिमुद्रण लावून पडताळून बघेल; पटलं तर मान डोलवेल, नाही पटलं तर नेमकं कुठे पटलं नाही ते सांगू शकेल. यासाठी गाणं शिकलेलं असायची गरज नाही. सोळापर्यंत मोजता यावं आणि तीच वीस मिनिटं तीनदा ऐकायची तयारी असावी, एवढं पुरे.

काय निवडावं

सुरुवात एलपीच्या एका बाजूपासून करा. एलपीची एक बाजू वीस ते पंचवीस मिनिटांची. तेवढ्यात विलंबित (संथ लयीचा) आणि द्रुत (जलद लयीचा) दोन्ही ख्याल बसवायचे असल्यामुळे गायकाने मनाशी आखणी केलेली असते आणि ती ऐकणाऱ्यालाही दिसते. आवाज स्वच्छ असतो, आणि या ध्वनिमुद्रिका इतक्या लोकांनी ऐकलेल्या आहेत की तुमच्या टिपणाला उत्तर देणारा नक्की भेटतो. किशोरी आमोणकरांचा भूप (विलंबित ‘प्रथम सुर साधे’, द्रुत ‘सहेला रे’) किंवा अमीर खाँचा मारवा ही दोन उदाहरणं. यमन, बागेश्री, मालकंस, शुद्ध कल्याण यांपैकी काहीही चालेल.

जयपूर-अत्रौली घराण्याचे अनवट आणि जोडराग मात्र पहिल्या महिन्यात नकोत. खट, ललिता गौरी, बिहागडा ऐकायला हरकत काहीच नाही, पण दोन रागांची वीण जिथे उलगडायची असते तिथे मूळ दोन्ही राग कानात नसतील तर लिहायला ‘गुंतागुंतीचं वाटलं’ यापलीकडे काही उरत नाही. तीन तासांच्या खासगी मैफलीही नंतर.

ऐकायची सोय

फोनच्या स्पीकरवर ऐकून टिपण लिहू नका. काळी एक पट्टीत (पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून) गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा, म्हणजे त्याचा खर्जातला सा ७० च्या आत. फोनचा स्पीकर इतका खाली उतरत नाही. तुम्हाला ऐकू येतात त्या वरच्या ध्वनींच्या सावल्या. तंबोऱ्याचा खर्ज आणि डग्ग्याची (तबल्याच्या जोडीतल्या घुमणाऱ्या डाव्याची) घिसट तर जवळजवळ नाहीशीच होते, आणि पुढे दिसेल की ताल ओळखायला डग्गाच लागतो. साधे तारेचे हेडफोन पुरतात. ‘बास बूस्ट’ आणि ‘थ्रीडी साउंड’ बंद ठेवा. त्याने डग्गा फुगतो आणि गायक मागे जातो, मग ‘तबला फार पुढे आहे’ असं चुकीचं लिहिलं जातं.

याशिवाय तंबोऱ्याचं एखादं ॲप, सेकंद दाखवणारं घड्याळ आणि कागद. कागदच बरा. फोनवरच ऐकायचं आणि फोनवरच टाइप करायचं म्हटलं की दर दोन मिनिटांनी गाणं थांबतं.

पहिली फेरी: हातात पेन नको

सलग ऐका. संपल्यावर आठवणीतून तीन ओळी लिहा: काय लक्षात राहिलं, कुठे कंटाळा आला, कुठे पुन्हा मागे जाऊन ऐकावंसं वाटलं. तुमचं मत ते हेच. पुढच्या दोन फेऱ्या त्याची कारणं शोधण्यासाठी आहेत. या तीन ओळी खोडू नका, फेऱ्यांनंतर मत बदललं तरी. मत बदललं हेही टिपणात येऊ द्या. वाचणाऱ्याला त्यात रस असतो.

दुसरी फेरी: सा आणि सम

सगळी मेहनत इथे आहे. सा चुकला की रागाबद्दलचं सगळं चुकतं, आणि सम, म्हणजे तालाच्या प्रत्येक फेरीची (आवर्तनाची) पहिली मात्रा, चुकली की लयीबद्दलचं.

सा शोधायला तंबोऱ्याचं ॲप लावा आणि ध्वनिमुद्रणातल्या तंबोऱ्याशी मिसळेपर्यंत एकेक पट्टी चढवत-उतरवत जा. पुरुष बहुधा पांढरी एक ते काळी दोन या पट्ट्यांत सापडतात, स्त्रिया पांढरी पाच ते काळी पाच. अपवाद पुष्कळ आहेत, शोध कुठून सुरू करायचा एवढ्यापुरता हा अंदाज. नवख्याची गफलत होते ती तंबोऱ्याच्या पहिल्या तारेमुळे. ती तार नेहमी पंचमाचीच असते असं नाही. मालकंसात ती मध्यमाला लावतात, मारवा-पूरियात पुष्कळदा निषादाला. सवयीने ‘पहिली तार म्हणजे प’ धरलं की सगळं सप्तक सरकतं. म्हणून चार तारांपैकी मधल्या दोन सारख्या वाजणाऱ्या तारा पकडा. त्या जोडीच्या, त्या षड्जाच्या.

मारव्यात हे जास्त काळजीने करा. तिथे गायक षड्जाला मुद्दाम टाळून कोमल रिषभ आणि धैवतावर इतका रेंगाळतो की धैवतच षड्ज वाटायला लागतो. अमीर खाँच्या मारव्यात सुरुवातीची काही मिनिटं अधांतरी वाटली तर ती तुमच्या कानाची चूक नव्हे. षड्जावर येणं लांबवायचं, हाच त्या रागाचा डाव आहे. टिपणात ‘अस्वस्थ वाटलं’ असं लिहिणार असाल तर त्यापुढे ‘कारण षड्ज इतका वेळ आलाच नाही’ हे जोडा.

आता सम. बंदिशीचा मुखडा, म्हणजे पहिल्या ओळीचा तुकडा, दर आवर्तनाला परत येतो आणि त्यातलं एक अक्षर समेवर पडतं. ते अक्षर ओळखलं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं ठेक्यावरून, म्हणजे तबल्यावर दर आवर्तनाला वाजणाऱ्या ठरलेल्या बोलांवरून. विलंबित एकतालाचा ठेका असा:

धिं धिं | धागे तिरकिट | तू ना | क त्ता | धागे तिरकिट | धी ना

यात ‘तिरकिट’ दोनदा येतं, चौथ्या आणि दहाव्या मात्रेला. दुसऱ्या तिरकिटनंतर दोन मात्रा आणि मग सम. पहिलं कुठलं आणि दुसरं कुठलं? पहिल्यानंतर ‘तू ना’ येतं, तिथे डग्ग्याची आस नसते, ठेका कोरडा वाटतो. दुसऱ्यानंतर ‘धी ना’ येतं, तिथे डग्गा पुन्हा घुमतो. तिरकिट ऐका, लगेच डग्गा आहे का बघा, असेल तर दोन मोजा.

तीनतालात उलटा मार्ग. ‘धा धिं धिं धा | धा धिं धिं धा | धा तिं तिं ता | ता धिं धिं धा’ यात दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत डग्गा गप्प असतो. तो परत आला ती चौदावी मात्रा. तिथून तीन मोजल्या की सम. रूपक सोडून बहुतेक तालांत समेला डग्गा असतो. रूपकाची सम ‘तिं’ वर, खालीवरच (टाळी नसलेल्या मात्रेवर) येते, त्यामुळे नवखे सगळे चौथ्या मात्रेला सम समजतात. अमीर खाँचा लाडका झुमरा चौदा मात्रांचा, तीन-चार-तीन-चार अशा खंडांचा. तिथे सुरुवातीला मात्रा मोजण्यापेक्षा मुखडा पकडणं सोपं.

सर्वांत मोठ्याने वाजलेली थाप म्हणजे सम, हा समज सोडून द्या. तबलजी तिहाई (तीनदा वाजवलेला एकच तुकडा) संपवतो तिथे आवाज मोठा असतो, आणि पुष्कळदा ती समेवरच संपते, पण नेहमी नाही. विलंबितात काही गायक समेवर इतक्या अलगद येतात की ठेक्याशिवाय ती कळतही नाही.

सम सापडली की घड्याळ लावून एका समेपासून पुढच्या समेपर्यंतचे सेकंद मोजा आणि मात्रांनी भागा. एकतालाचं आवर्तन ४८ सेकंदांचं भरलं तर मात्रा ४ सेकंदांची; याला अतिविलंबित म्हणायला हरकत नाही. जयपूरवाल्यांची विलंबित तीनतालातली आवर्तनं याच्या निम्म्या वेळातही संपतात. द्रुत तीनतालाचं आवर्तन चार ते सहा सेकंदांत होतं. ‘लय संथ होती’ यापेक्षा ‘आवर्तन ४८ सेकंदांचं’ हे लिहायला सोपं आणि वादाला कमी. सुरुवातीला, मध्यावर आणि विलंबिताच्या शेवटी अशी तीनदा मोजणी करा. लय थोडी चढलेली असणारच, ती तशी चढवतातच. मध्येच एकदम चढली असेल, तर तबलजीने ओढली की गायकाने, हे मात्र ऐकण्यासारखं असतं.

तिसरी फेरी: नकाशा

आता कागदावर डाव्या बाजूला मिनिट-सेकंद आणि उजव्या बाजूला काय घडलं ते. दर ओळ तीन-चार शब्दांची. हे टिपण तुमच्यापुरतं, पुढे पाठवायचं नाही. काय टिपायचं? बंदिशीची अस्थायी (पहिला भाग) कुठे सुरू झाली. आलापी कुठल्या स्वराभोवती फिरते आणि पुढच्या स्वरावर कधी सरकली. तार षड्ज पहिल्यांदा कधी लागला, कारण ख्यालाच्या बढतीतला (रागाच्या पायरीपायरीने होणाऱ्या विस्तारातला) तो मोठा टप्पा असतो आणि अंतरा (बंदिशीचा दुसरा भाग) बहुधा त्याच सुमारास येतो. अंतरा घेतलाच नाही तर तेही लिहा. बोलआलाप आणि बोलताना (बंदिशीच्या शब्दांवरचे आलाप आणि ताना), सरगम, आकाराच्या ताना यांची सुरुवात. द्रुत कधी, आणि त्यात तराणा आहे का.

ताना कळत नसतील तर प्लेअरचा वेग अर्ध्यावर आणा. बहुतेक प्लेअर वेग कमी करताना पट्टी तीच ठेवतात, त्यामुळे सूर बदलत नाहीत, फक्त सुटे होतात. तान सरळ चढून उतरली, की एकेका स्वराला वळसे घालत गेली, की गमकेची होती, एवढं तीन-चार वेळा ऐकल्यावर कळायला लागतं. तान कुठे संपली हे तिच्या वेगाइतकंच महत्त्वाचं. समेवर पडली, की मुखड्याच्या आधी संपून मुखडा धरला? एकाच गायकाच्या चार ताना लागोपाठ एकाच पद्धतीने मुखड्याला येऊन मिळत असतील तर ती सवय आहे, आणि सवय टिपण्यासारखी असते.

साथीदारांसाठी निदान एक ओळ ठेवा. पेटी किंवा सारंगी गायकाच्या मागून येते, बरोबर चालते की पुढे धावते? सारंगीची साथ असेल तर गायक श्वास घेतो त्या फटीत काय वाजलं ते ऐका. विलंबितात तबलजी भरीव ठेका देतो की मात्रांमधली जागा मोकळी सोडतो, यावर सगळ्या ख्यालाचा पोत ठरतो. साथीदारांची नावं वेष्टनावर नसली तर अंदाजाने लिहू नका.

रागाबद्दल लिहिताना

‘सा रे ग प ध हे स्वर आहेत, म्हणजे भूप’ असं लिहिलं की जाणकार पहिला प्रश्न विचारतो: देसकार कशावरून नाही? स्वर तेच आहेत. भूपात गंधार वादी (मुख्य स्वर), चाल शांत, ‘ग रे सा ध़ सा’ अशी खाली येऊन विसावणारी, वेळ संध्याकाळनंतरची. देसकारात धैवत वादी, सगळा जोर सप्तकाच्या वरच्या भागात, वेळ सकाळची. म्हणून स्वरांची यादी देण्यापेक्षा गायक कुठल्या स्वरावर थांबतो ते लिहा. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिघांत हे आणखी स्पष्ट दिसतं. तिघांत रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम वर्ज्य. पण मारवा रिषभ-धैवतावर उभा, पूरिया गंधार-निषादावर आणि बराचसा मंद्रात, तर सोहनी तार षड्जाभोवती. तिन्ही एकापाठोपाठ ऐका. एका संध्याकाळीत जे कळतं ते पुस्तकाच्या दहा पानांत कळत नाही.

कोष्टकात न बसणारा स्वर ऐकू आला की ‘चुकला’ लिहायची घाई करू नका. जयपूर घराण्याच्या संपूर्ण मालकंसात रिषभ आणि पंचम असतात. ललतात धैवत कुणी कोमल घेतात, कुणी शुद्ध. ‘इथे मला १४:१० ला पंचम ऐकू आला, राग मालकंस लिहिला आहे, हा संपूर्ण मालकंस का?’ असा प्रश्न टाकला तर चार लोक मदतीला येतात. ‘पंडितजींचा स्वर चुकला’ असं लिहिलं तर तेच चार लोक तुमच्यावर येतात, आणि बहुतेक वेळा रास्तपणे.

आणखी एक सावधगिरी. इंटरनेटवरच्या ध्वनिमुद्रणांची रागनावं सर्रास चुकीची असतात. एकाने चढवलं, दुसऱ्याने तसंच उचललं, असा तो प्रवास. बंदिशीचे पहिले शब्द ओळखीचे असतील तर त्यावरून ताडा. नाहीतर ‘शीर्षकात बागेश्री लिहिलं आहे’ एवढंच लिहा.

स्वर टाइप करायची अडचण सगळ्यांना येते. छापील पुस्तकात कोमल स्वराखाली आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावर उभी रेघ असते. फोनवर ती जमत नाही. सोपा उपाय: टिपणाच्या सुरुवातीला एकदाच ‘ग, ध, नि कोमल’ असं सांगून टाका आणि पुढे नुसती अक्षरं लिहा. मंद्रासाठी खाली टिंब (ध़), तारेसाठी वर टिंब (सां). एका वेळी पाच-सहा स्वरांपेक्षा जास्त सरगम लिहू नका, कुणी वाचत नाही.

बंदिशीचे शब्द पुष्कळदा ब्रजचे असतात, ते गायकागणिक बदलतात आणि जुन्या मुद्रणात धड ऐकू येत नाहीत. पहिली ओळ लिहा, जी शंकास्पद वाटते तिच्यापुढे ‘असं ऐकू आलं’ म्हणा.

लिहायला बसणं

साचा साधा आहे. एखाद्या जागेबद्दल लिहायचं तर क्रमाने चार गोष्टी: वेळ, त्याआधी काय चाललं होतं, तिथे काय झालं, आणि त्याने तुम्हाला काय झालं. दुसरी गोष्ट बहुतेक जण गाळतात, आणि खरं तर तीच जागेला जागा करते. पंचम हा पंचमच असतो. सहा मिनिटं वाट पाहायला लावून आला म्हणून तो मोठा. नमुन्यादाखल रचलेलं एक टिपण:

‘भूप. विलंबित तीनताल, मग द्रुत तीनताल. एकूण २३ मिनिटं, एलपीची एक बाजू. तबला, पेटी. सा काळी चारच्या आसपास. पहिली सहा मिनिटं मंद्र धैवत ते गंधार एवढ्यातच. ६:४० पासून दोन आवर्तनं पंचमाला नुसता स्पर्श आणि परत गंधार. ८:१५ ला समेच्या आधी पंचम पहिल्यांदा लांबवला. इतका वेळ रोखून धरल्यामुळे तो आल्यावर सुटल्यासारखं वाटलं. तार षड्ज १२:०५. १५ ते १७ मिनिटांत तीन ताना एकाच वळणाने समेवर आल्या, तिथे माझं लक्ष उडालं. द्रुत १७:३०. द्रुतात पेटी बरोबरीने वाजते, त्यामुळे शेवटच्या दोन तानांचे सूर झाकले गेले. प्रश्न: ११:२० ला धैवतावरचा थांबा देसकाराकडे झुकतो का? ऐकून सांगावं.’

शंभरभर शब्द, ‘अप्रतिम’ एकदाही नाही, आणि तरी आवडलं काय आणि नावडलं काय हे स्पष्ट आहे. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. वाचणाऱ्याला करायला काहीतरी दिलं की तो ध्वनिमुद्रण लावतो.

घराण्याचे ठसे उचलून वापरायचा मोह टाळा. ‘किराण्याची स्वरप्रधान गायकी’, ‘आग्र्याची लयकारी’, ‘ग्वाल्हेरचं अष्टांग’ ही वाक्यं खोटी नाहीत, पण ती ध्वनिमुद्रण न ऐकताही लिहिता येतात. आग्र्याच्या गायकाने नोमतोम (‘नोम’, ‘तोम’ अशा अक्षरांवरची आलापी) केली असेल तर ती किती मिनिटं आणि कशी, ते लिहा. आणि किराण्याच्या मापाने आग्र्याला मोजू नका. बोलांशी खेळणं हाच ज्याचा आनंद, त्याला ‘सुरावर ठरत नाही’ म्हणणं हा अन्याय आहे.

जुन्या तबकड्या वेगळ्या ऐकाव्या लागतात

भारतात ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रणाला सुरुवात झाली १९०२ मध्ये, कलकत्त्यात. फ्रेड गैसबर्गने गौहरजानचं गाणं तिथे मुद्रित केलं. त्या काळच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापून येत. गाण्याच्या शेवटी ‘माय नेम इज गौहरजान’ असं जे ऐकू येतं ते तिथल्या लोकांना आवाज कुणाचा हे कळावं म्हणून. टिपणात त्याला ‘गमतीदार शेवट’ म्हणू नये. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत मायक्रोफोन नव्हता. गायक भोंग्यात तोंड घालून गात, तंबोरा जवळजवळ ऐकू येत नाही, तबला कसाबसा. अशा मुद्रणावरून ‘आवाज चढा लावला’ किंवा ‘साथ कमकुवत’ असे निष्कर्ष काढता येत नाहीत.

दहा इंची ७८ च्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. बढतीला जागाच नाही. त्यामुळे तिथे बढत शोधू नका. तीन मिनिटांत काय निवडलं आणि काय टाकलं ते बघा. अब्दुल करीम खाँची झिंझोटीतली ‘पिया बिन नाही आवत चैन’ ऐकताना एकेका शब्दावर किती वेगवेगळ्या स्वरांनी आले ते मोजा. केसरबाई केरकरांची भैरवीतली ‘जात कहाँ हो’ अशीच साडेतीन मिनिटांची. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली ती हीच.

वेग हा जुन्या मुद्रणांचा खरा रोग. नाव ७८ असलं तरी सुरुवातीच्या तबकड्या सत्तरपासून ब्याऐंशीपर्यंत वाटेल त्या वेगाने कापल्या गेल्या आहेत. वेग सुमारे सहा टक्क्यांनी वाढला की पट्टी अर्ध्या स्वराने, म्हणजे पांढरी एकची काळी एक, अशी चढते. ७४ ला कापलेली तबकडी ७८ ने फिरवली तरी जवळपास तेवढाच फरक पडतो. आवाज बारीक होतो, ताना अफाट वेगवान वाटतात आणि लोक ‘काय फिरत!’ म्हणतात. तपासायचं असं: पेटीची साथ असूनही सा दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये पडत असेल तर वेगाची शंका घ्या. शंकाच, कारण जुन्या पेट्या आजच्या पट्टीला काटेकोर जुळलेल्या नसत. टेपवरून आलेल्या मैफलीत सुरुवातीचा आणि शेवटचा सा ताडून बघा. तंबोऱ्याची तार उतरू शकते, पेटीचा सूर चढत नाही. चढला असेल तर टेपचा दोष. ऑडॅसिटीसारख्या प्रोग्राममध्ये वेग आणि पट्टी दोन्ही एकत्र बदलणारा पर्याय वापरून दुरुस्ती करता येते. यूट्यूबच्या वेगाच्या बटणाने ती होत नाही, कारण ते पट्टी बदलत नाही.

पण प्रत्येक बारीक आवाजाचा दोष वेगाला देऊ नका. गंगूबाई हनगल यांच्या सुरुवातीच्या तबकड्यांतला आवाज खरोखरच बारीक आहे. घशावरच्या उपचारांनंतर तो पुढे जड झाला.

खरखर काढून ‘स्वच्छ’ केलेल्या प्रतींपासूनही जपा. खरखरीबरोबर तंबोऱ्याची जवारी (तारांचा झणकार) आणि श्वासांचे आवाज जातात, आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. दोन प्रती मिळत असतील तर खरखरीची घ्या. आणि आकाशवाणीचं म्हणून आलेलं ध्वनिमुद्रण १९४० ते १९७१ मधलं असेल आणि त्यात पेटी वाजत असेल तर तारीख किंवा ठिकाण पुन्हा तपासा. त्या काळात आकाशवाणीवर पेटीला बंदी होती.

पाठवण्यापूर्वी

नाव पहिल्यांदा पूर्ण लिहा. ‘खाँसाहेबांचा हा राग’ म्हणताना तुमच्या डोळ्यांपुढे अब्दुल करीम खाँ असतील, वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अमीर खाँ किंवा फैयाज खाँ. ‘बुवा’ आणि ‘मास्तर’ यांचंही तसंच. एकदा पूर्ण नाव झालं की पुढे किशोरीताई, कुमारजी, अण्णा, माई म्हणायला कुणाची हरकत नसते.

कुठलं ध्वनिमुद्रण ते नेमकं सांगा: एलपी, कॅसेट, आकाशवाणी की मैफल, एकूण लांबी किती, सुरुवात कापलेली आहे का. भीमसेन जोशींचे एकाच रागाचे कितीतरी ख्याल उपलब्ध आहेत. लांबी दिली नाही तर तुमचं ९:३० आणि दुसऱ्याचं ९:३० वेगळं निघतं. यूट्यूबवर सुरुवातीला निवेदन जोडलेलं असेल तर मिनिटं त्या प्रतीप्रमाणे आहेत हे लिहा.

फाइल पाठवण्याऐवजी दुवा पाठवा. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, त्यामुळे बहुतेक एलपी आणि कॅसेट त्यात येतात. कुणाच्या घरच्या बैठकीचं मुद्रण तुम्हाला विश्वासाने ऐकायला मिळालं असेल तर ज्याने दिलं त्याला विचारल्याशिवाय ते पुढे सरकवू नका, आणि टिपणात त्या घराचा पत्ता-ठिकाण घालू नका.

कुणी तुमची मोजणी चुकीची ठरवली तर त्यांनी दिलेल्या वेळेला जाऊन पुन्हा ऐका आणि मगच उत्तर द्या. सम चुकल्याचं निघालं तर मूळ टिपणातच दुरुस्ती करा, तारखेसह, म्हणजे पुढचा वाचणारा जुन्या आकड्यावर अडणार नाही.